कॅनव्हासवरची बुरशी: पुसायची नाही, वाळवायची

आजचा विषय घरगुती आहे. भिंतीवरच्या तैलचित्राला बुरशी आली तर काय करायचं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय करायचं नाही.

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी चित्रकार नाही आणि चित्रांचा संवर्धकही नाही. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आणि सैन्यात गेलो, तोफखान्यात. तोफखान्याचा आणि बुरशीचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध दुर्बिणीचा. तोफखान्याचं निम्मं काम डोळ्यांनी चालतं, आणि आसामच्या पावसाळ्यात दुर्बिणीच्या भिंगावर आतून कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटते. ती बुरशी. काच तर खाण्याची वस्तू नाही, पण भिंगावरची धूळ, तेलाचा अंश, बोटाचा ठसा एवढं तिला पुरतं. वेळेवर लक्ष गेलं नाही तर ती सोडते त्या आम्लामुळे भिंगावरच्या लेपावर कायमची खूण राहते. त्यामुळे बुरशीचा विचार कसा करायचा हे आम्हाला नोकरीतच शिकावं लागलं. पुढे मेसची जबाबदारी आली, तेव्हा तिथल्या भिंतींवरची जुनी चित्रंही हाताखाली आली.

आता मूळ गोष्ट. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. तुमच्या घरात आहेत, मी बोलतोय त्या खोलीत आहेत. ते संपवता येत नाहीत. ते रुजतात केव्हा, तर पाणी मिळालं की. सापेक्ष आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर जाऊन तिथेच राहिली आणि हवा हलत नसली, की काही दिवसांत पांढरे, हिरवे, काळे ठिपके दिसू लागतात. वस्तू प्रत्यक्ष भिजली असेल तर दोन दिवससुद्धा पुरतात. म्हणजे या लढाईत शत्रू मोजत बसण्यात अर्थ नाही, त्याची रसद तोडायची. रसद म्हणजे ओल. अन्नाचं म्हणाल तर ते चित्रातच आहे. कॅनव्हास म्हणजे ताग नव्हे, जवसाचं किंवा कापसाचं कापड. त्यावर रंग द्यायच्या आधी सरसाचा हात दिलेला असतो, तो सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला. रंगात जवसाचं तेल. वरून वर्षानुवर्षांची धूळ. बुरशीच्या दृष्टीने वाढलेलं ताटच ते.

आणि एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. चित्राची पुढची बाजू रंगाने आणि बहुधा व्हार्निशने झाकलेली असते. मागची बाजू उघडी असते, कोरं कापड. ती भिंतीला टेकलेली, तिथे वारा नाही. म्हणून बुरशी बऱ्याचदा मागून सुरू होते. तुम्हाला पुढे एक ठिपका दिसतो तेव्हा मागे वसाहत झालेली असू शकते.

हे सगळं नुसतं पुस्तकी राहू नये म्हणून आमच्या घरातलं सांगतो. आम्ही बडोद्याचे, गायकवाडांच्या काळापासूनचे. ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्रीला पूर आला. कारेलीबागेत माझ्या थोरल्या बहिणीचं तळमजल्यावरचं घर आहे, तिथे गुडघ्याच्या वर पाणी आलं. दिवाणखान्यात आमच्या आजीचं तैलचित्र होतं. ते उंचावर असल्याने त्याला पाणी लागलं नाही आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पण भिंत पाणी पीत होती. वीज नव्हती, पंखे बंद, दारंखिडक्या लावून ताई आमच्याकडे राहायला आलेली. पाचव्या दिवशी घर उघडलं तर आजीच्या डाव्या गालावर, खांद्यावर आणि खालच्या कडेला करड्या-पांढऱ्या लवेचे गोल गोल चट्टे.

या चित्राचं महत्त्व काय, ते सांगायला हवं. आजी १९४१ मध्ये गेली. आमच्यापैकी कोणीही तिला पाहिलेलं नाही आणि तिचा एकही फोटो नाही. माझ्या थोरल्या काकांनी, कलाभवनात शिकत असताना, १९३८ मध्ये तिला समोर बसवून हे चित्र काढलं. ते पुढे चित्रकार झाले नाहीत, त्यांचं नाव कुठल्या सूचीत सापडणार नाही. बाजारात त्या चित्राची किंमत चौकटीपेक्षा फारशी जास्त नसेल. पण आमची आजी दिसते कशी, याचं उत्तर तेवढ्या कॅनव्हासवर आहे आणि दुसरीकडे कुठेही नाही.

गणपती ७ सप्टेंबरला होते आणि गौरी १० तारखेला. आमच्याकडे गौरींच्या दिवशी आजीच्या चित्राला हळदकुंकू लावतात. ताईचं म्हणणं एकच, काहीही करा पण गौरींना चित्र भिंतीवर पाहिजे. फ्रेम करून देणाऱ्या एका दुकानदाराने सांगितलं, "दोन दिवसांत केमिकलने धुऊन, व्हार्निश मारून नवं करून देतो." ताई तयार होती. मी म्हटलं, ताई, हे चित्र दुकानात जाणार नाही आणि गौरींना भिंतीवरही लागणार नाही. ती माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी आहे. घरात कर्नलपेक्षा तिची रँक वरची. पण या एका बाबतीत मी ऐकलं नाही.

का ऐकलं नाही, तेच आजचं व्याख्यान.

बुरशी जिवंत असते तेव्हा ती ओलसर आणि मऊ असते. तिच्यावर कापड फिरवलं तर ती निघत नाही, फासली जाते. बीजाणू रंगाच्या भेगांत आणि कापडाच्या विणीत दाबले जातात. त्यात कापड ओलं असेल तर तुम्ही तिला पाणी पाजलं. शिवाय पाणी भेगांतून खाली सरसापर्यंत पोचतं, सरस फुगतो, वाळताना आकसतो आणि त्याच्यावरचा रंग पापुद्र्यासारखा उचलला जातो. बुरशी गेली, तिच्याबरोबर गालही गेला.

घरोघरी जे उपाय चालतात त्यांची यादी मोठी आहे. कापलेला बटाटा, कांदा, व्हिनेगर, लिंबू, कपडे पांढरे करायचं ब्लीच, डेटॉल, खोबरेल. करोनापासून त्यात सॅनिटायझरची भर पडली. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असतं, आणि अल्कोहोलने पुष्कळशी व्हार्निशं विरघळतात, कमी वाळलेला रंगही. ब्लीच रंग उडवतं. बटाट्याने तर तुम्ही बुरशीला जेवायला वाढता. उन्हात ठेवणं हा आपला आवडता उपाय, गाद्यांना आणि पापडांना उत्तम. चित्र उन्हात ठेवलं की कापड, सरस आणि रंग वेगवेगळ्या वेगाने आकसतात आणि तडे जातात. हेअर ड्रायरचंही तेच.

ओव्याच्या फुलाबद्दल थोडं थांबून बोलतो, कारण तो उपाय दिसायला शास्त्रीय आहे. ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल. तो खरोखर बुरशीनाशक आहे, आणि जुन्या दफ्तरखान्यांत कागदपत्रांना बंद पेटीत त्याची धुरी देत असत. त्यामुळे कोणी जाणकार माणूस तुम्हाला सांगेल, चित्रामागे ओव्याच्या फुलाची पुरचुंडी ठेवा. ठेवू नका. त्याच्या वाफेने तैलरंग आणि व्हार्निश मऊ पडतात. कागदाचं औषध कॅनव्हासला चालेलच असं नाही.

राहिलं व्हार्निश. बुरशीवर व्हार्निश मारलं की ती दिसेनाशी होते, एवढंच. शिवाय आज चकचकीत दिसणारं व्हार्निश उद्या काय करेल, याचा धडा आपल्या अजिंठ्यातच आहे. ते कॅनव्हास नव्हे, भिंतीवरची चित्रं, हे खरं. निजामाच्या राजवटीत १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ बोलावले गेले. त्यांनी सुटणारा रंग जागेवर बसवला, ते काम मोलाचं होतं. पण वर जो लाखेचा थर दिला, तो पुढे पिवळा-तपकिरी पडला आणि तो काढायला नंतरच्या पिढ्यांना वर्षानुवर्षं खपावं लागलं. निष्णात माणसांच्या हातून असं होतं. दोन दिवसांत नवं करून देणाऱ्याचं काय सांगावं!

मग आम्ही काय केलं? पहिल्यांदा फोटो काढले. पुढून, मागून, जवळून, आणि टॉर्च बाजूने आडवा धरून. आडव्या उजेडात रंग कुठे उचलला गेलाय ते सावलीने कळतं. हे फार महत्त्वाचं, कारण जिथे रंग उचललेला आहे तिथे घरच्या माणसाने ब्रशसुद्धा लावायचा नाही. आणि भिंगातून बघून खात्री करून घेतली की ही बुरशीच आहे. कधीकधी व्हार्निशवर दमटपणामुळे निळसर धुरकट साय आल्यासारखी दिसते, ती बुरशी नसते. बुरशीला तंतू असतात, लव असते, चट्टे साधारण गोल वाढतात आणि कुबट वास येतो.

मग चित्र धुतलेल्या सुती चादरीत सैलसर गुंडाळून माझ्या पहिल्या मजल्यावरच्या घरी आणलं. प्लास्टिकमध्ये बांधून ठेवायचं नाही, आतली ओल आतच राहते. एक खोली रिकामी केली. दुसरं कुठलंही चित्र, पुस्तक, कपडा तिथे ठेवला नाही. चित्र भिंतीपासून दूर, दोन्ही बाजूंनी हवा लागेल असं उभं केलं. पंखा चित्रावर नाही, समोरच्या भिंतीकडे तोंड करून. आर्द्रता मोजायचं यंत्र काही शे रुपयांत मिळतं, ते शेजारी. पहिल्या दिवशी आकडा होता ७८. एसी ड्राय मोडवर रात्रंदिवस चालू ठेवला आणि आकडा तीन-चार दिवसांत हळूहळू ५५ वर आणला. एसी दोन तास लावून बंद करणं मात्र वाईट. खोली थंड होते, मग बाहेरची दमट हवा आत येते आणि थंड वस्तूवर पाणी धरतं.

हळूहळू हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीला पूर आला. चिमाबुएच्या प्रसिद्ध क्रूसाचा निम्म्याहून अधिक रंग त्या पुरात गेला. लाकडी फळ्यांवरची भिजलेली पुष्कळ चित्रं तिथल्या बागेत थंडीत लिंबाची झाडं ठेवायची एक मोठी इमारत होती, तिच्यात नेली. तिथे हवा आधी मुद्दाम दमट ठेवली आणि मग ती पायरीपायरीने कमी करत गेले. ओल्या चित्रांना दमट हवेत ठेवायचं म्हणजे बुरशीला आमंत्रण, हे त्यांना कळत होतं, म्हणून बुरशीनाशकही वापरावं लागलं. पण एकदम सुकवलं तर लाकूड आकसून रंग झडेल, हा धोका त्यांनी मोठा मानला. आमच्या चित्राचं दुखणं त्यामानाने किरकोळ, पण घाई करायची नाही हे तिथेही खरं होतं आणि इथेही.

गौरी आल्या आणि गेल्या. भिंतीवर चित्राच्या जागी फिकट चौकोन होता. ताईने त्या चौकोनाखाली हळदकुंकवाची वाटी ठेवली आणि माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली.

अकराव्या दिवशी मागच्या बाजूच्या एका कोपऱ्यात मऊ ब्रशचं टोक हलकेच लावून पाहिलं. आधी दोनदा पाहिलं होतं तेव्हा डाग ओढला जात होता. या वेळी धुळीसारखी भुकटी उडाली. याचा अर्थ बुरशी निद्रिस्त झाली. मेली असं मी म्हणणार नाही, बीजाणू चिवट असतात. पण आता ती काढता येते.

मधल्या काळात इथल्याच एका संवर्धक बाईंना फोटो पाठवले होते. त्यांनी फोटो पाहून सांगितलं की रंग पक्का दिसतोय, मागची बाजू तुम्ही करा, चेहऱ्याला हात लावू नका. लष्करात इतका स्पष्ट हुकूम क्वचित मिळतो.

काम गच्चीवर सावलीत केलं, वारा नसताना. एन-९५ मास्क, हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. यात शौर्य दाखवायचं नाही. बीजाणू फुप्फुसाला वाईट, आणि जुन्या रंगांत शिशाचा सफेदा असतो, ती धूळही वाईट. ज्यांना दमा आहे, मधुमेह आहे, त्यांनी हे काम करूच नये. चित्र उभं धरलं, दोन माणसं लागतात. शेळीच्या केसांचा रुंद मऊ ब्रश एका हातात, दुसऱ्या हातात हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी, सर्वांत कमी वेगावर, तोंडाला मलमलीचा तुकडा बांधलेला. ब्रशने भुकटी नळीच्या दिशेला लोटायची. नळी कापडाला टेकवायची नाही. साधा व्हॅक्यूम क्लीनर वापरला तर तो बीजाणू मागच्या बाजूने खोलीभर सोडतो, त्यापेक्षा न वापरलेला बरा.

सर्वांत जास्त घाण खालच्या कडेला निघाली. कॅनव्हास ज्या आतल्या लाकडी चौकटीवर ताणलेला असतो, तिला चित्रकार स्ट्रेचर म्हणतात. त्याची खालची पट्टी आणि कापड यांच्या मधल्या फटीत वर्षानुवर्षं कचरा साठतो. आमच्याकडे त्यात कुंकू होतं, हळद होती आणि झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या. मंडळी, याचा जरा विचार करा. आपण पूर्वजांच्या चित्राला ताजा हार घालतो. पाणी शिंपडलेली फुलं चार-चार दिवस कॅनव्हासला टेकून राहतात. आमच्या चित्रावर खालच्या कडेचे डाग हाराच्या वळणाचेच होते. पूर आठवड्यापूर्वीचा, पण तिथली तयारी आम्ही भक्तिभावाने कित्येक वर्षं करत होतो. आता ताई हार चित्राखालच्या फळीवर ठेवते.

चेहरा संवर्धक बाईंनी स्वतः येऊन केला. सगळी लव निघाली, पण गालावर रुपयाएवढा फिकट करडा डाग राहिला. बुरशी स्वतःचा रंग सोडते आणि तो कधीकधी खोलवर जातो. त्यांनी एका कडेला कापसाच्या छोट्या बोळ्याने चाचणी घेतली, भिंगातून पाहिलं आणि सांगितलं, डाग काढायचा तर त्याबरोबर काकांचा रंगही थोडा जाईल. मी ताईकडे पाहिलं. तिने चित्राजवळ जाऊन बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "वयाचा डाग आहे. राहू दे." जेवढ्यास तेवढं बोलणं त्या दिवशी संपलं.

परत लावताना जागा बदलली. जुनी भिंत बाहेरची होती, पावसाची झड तिच्यावर येते, आणि पुरानंतर ती कित्येक महिने ओली राहिली. नवी जागा आतल्या भिंतीवर, पलीकडे न्हाणीघर नाही हे पाहून. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यात बोटभर हवा राहते. हा चार रुपयांचा उपाय आहे आणि सगळ्या औषधांपेक्षा मोठा आहे.

आसाम-मेघालयात राहणारे लोक कपाटात दिवा लावून ठेवतात, ते तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. बुटांना आणि गणवेशाला बुरशी लागू नये म्हणून आम्हीही तेच करायचो. जुन्या बल्बच्या उष्णतेने कपाटातली हवा कोरडी राहते. आता तिथे एलईडी लावून उपयोग नाही, तो फारसा तापतच नाही. पण हीच युक्ती म्हणून चित्रामागे बल्ब लावू नका, एकाच जागी ऊब लागून कापड तिथेच आकसतं. सिलिका जेलच्या पुड्याही बंद पेटीत कामाच्या, दुर्बिणीच्या पेटीत आम्ही ठेवत असू. खुल्या दिवाणखान्यात चार पुड्या म्हणजे नदीकाठी टीपकागद.

कोकणात, गोव्यात, मंगळूर-कोचीला, कोलकात्याला राहणाऱ्यांनी पावसाळ्यात महिन्यातून एकदा चित्र उतरवून मागची बाजू पाहावी. आणि ब्रश लावण्याआधी मागचा फोटो काढायला विसरू नका. मागे कागदाची चिठ्ठी असते, दुकानाचा शिक्का असतो, पेन्सिलीने काही लिहिलेलं असतं. आमच्या स्ट्रेचरवर बुरशीखाली काकांच्या अक्षरात "आई, बडोदें" आणि साल निघालं. "बडोदें"वर जुन्या वळणाचा अनुस्वार आहे. पन्नास वर्षांत ते कोणी वाचलं नव्हतं. तेवढी जागा ब्रशशिवाय सोडली.

रंगाचे पापुद्रे सुटत असतील, चित्र प्रत्यक्ष भिजलं असेल, किंवा बुरशी पुढच्या बाजूला पसरली असेल, तर घरी फक्त एवढंच करा: चित्र कोरड्या खोलीत सावलीत ठेवा, रंग सुटत असेल तर रंगाची बाजू वर करून आडवं ठेवा, आणि जाणकाराला गाठा. लखनौला राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळा आहे, १९७६ पासूनची. इन्टॅकची संवर्धन केंद्रं बऱ्याच शहरांत आहेत. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे. जवळच्या सरकारी संग्रहालयात विचारलं तरी कोणाकडे जावं हे कळतं. चित्र लगेच उचलून नेऊ नका, आधी फोटो पाठवा, आणि त्यात मागच्या बाजूचा नक्की असू द्या. पहिल्यांदा ते तोच मागतात.